पेटीचं उत्पन्न

नोकरीत होतो तोपर्यंत माझा आयकर कर्मणी प्रयोगात होता. म्हणजे मी कर भरत नसे. माझ्याकडून कर भरला जात असे. महिनाअखेरीला पगाराच्या चिठ्ठीवर उजव्या अंगाला एक आकडा असे, त्याच्याकडे मी एकदा खिन्नपणे पाहत असे, आणि जून महिन्यात हिशेब खात्यातले एक गृहस्थ 'फॉर्म नंबर सोळा' नावाचा कागद माझ्या टेबलावर टाकून जात. पंगतीत बसलेल्या माणसाने वाढपी काय वाढतो ते पाहावं आणि पानात पडेल ते मुकाट गिळावं, इतपतच माझा आणि देशाच्या तिजोरीचा संबंध होता.

पुढे 2014 साली नोकरी सुटली. बाहेर मी 'सोडली' असं सांगतो. मराठी भाषेत सुटणं आणि सोडणं यांत थोडासाच फरक आहे, आणि तेवढं भाषास्वातंत्र्य प्रत्येक मध्यमवर्गीय माणसाला असावं अशा मताचा मी आहे. ते काही असो, मी स्थापत्य अभियंता असल्यामुळे घराच्या दारावर 'सल्लागार' अशी पाटी लावली आणि डोंबिवलीतल्या जुन्या इमारती तपासायला लागलो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत असं म्हटलं आहे, की इमारतीला पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षं उलटली की दर तीन वर्षांनी तिची प्रकृती तपासून घ्यावी. माणसांच्या बाबतीत एवढी काळजी कोणी घेत नाही. तेव्हा काम बरं चालतं. हातात एक लहान हातोडी घेऊन मी भिंती वाजवत फिरतो, आणि माझ्या मागून सोसायटीचे सभासद मिरवणुकीसारखे फिरतात. भिंत ठणठणीत असली तर 'टक्' वाजते, आतून पोकळ असली तर 'बद्द' वाजते. माझा कान याबाबतीत चांगला आहे, असं लोक म्हणतात. तो कान कुठून आला, हा या लेखाचा खरा विषय आहे. पण त्याआधी आयकर.

स्वतंत्र झाल्यावर माझा कर कर्तरी प्रयोगात आला. कर्ता मी, आणि कर्म भोगायचं तेही मीच. विवरणपत्र आपलं आपण भरायचं. त्यात मला पहिला शोध लागला तो असा, की आयकर खात्याच्या कायम खाते क्रमांकात, ज्याला आपण पॅन म्हणतो, चौथं अक्षर 'पी' असतं. 'पी' म्हणजे व्यक्ती. कंपनीला 'सी' आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला 'एच'. पाचवं अक्षर आपल्या आडनावाचं. आमच्या घरात मी एक व्यक्ती आहे, याचा एवढाच काय तो लेखी पुरावा. तो मी पाकिटात जपून ठेवला आहे.

दुसरा शोध असा, की सरकार या कागदांना फार गोड नावं ठेवतं. एक नंबरच्या फॉर्मचं नाव 'सहज'. चार नंबरच्या फॉर्मचं नाव 'सुगम'. जणू काही शेजारच्या जुळ्या मुली. दोन आणि तीन नंबरला मात्र काही नाव नाही. मी माझ्या भाच्याला, तो सी.ए. आहे, याचं कारण विचारलं. तो म्हणाला, "मामा, तीन नंबरला तुम्ही स्वतःच नाव ठेवाल. भरायला घेतलात की."

माझ्यासारख्यांसाठी 2016 च्या अर्थसंकल्पाने एक सोय केली होती. कायद्यातलं तिचं कलम चव्वेचाळीस एडीए. डॉक्टर, वकील, अभियंते, वास्तुशास्त्रज्ञ अशा मंडळींनी हिशेबाच्या वह्या लिहीत बसू नये. वर्षभरात जे मिळालं असेल त्याचं निम्मं उत्पन्न धरावं आणि निम्मा खर्च झाला असं गृहीत धरावं. हे मी घरी वाचून दाखवलं तेव्हा ही भाजी निवडत होती. ती म्हणाली, "निम्माच? हे लोक राहतात तरी कुठल्या गावात?"

एकूण काय, मी 'सुगम' वाल्यांत मोडत होतो. दरवर्षी जुलैच्या एखाद्या रविवारी भाचा येई, साबुदाण्याची खिचडी खाई, अर्ध्या तासात फॉर्म भरी, आणि 'झालं मामा' म्हणून निघून जाई. यात पेटी नव्हती. पेटी आली आणि सुगमचं दुर्गम झालं.

इथे खुलासा केला पाहिजे, की पेटी म्हणजे बाजाची पेटी. हार्मोनियम. अलीकडे पेटी म्हटलं की लोकांना एक लाख रुपये आठवतात, आणि त्यातून पुढे आमच्या जिन्यात जो घोटाळा झाला तो सांगतोच.

पेटी मी शाळेत असल्यापासून वाजवतो. आमच्या चाळीत भजनी मंडळाची एक पेटी होती. तिचा भाता दोन ठिकाणी फाटलेला होता आणि मधला एक सूर आपोआप वाजत राही. तिच्यावर मी आपलं आपण शिकलो. दहावीचा निकाल लागला त्या 1983 सालच्या जूनमध्ये मी धीर करून बाबांना म्हटलं, की मला गाण्याबजावण्याचं रीतसर शिक्षण घ्यायचं आहे. बाबा रेल्वेत कारकून होते. सरकार या शब्दावर त्यांची श्रद्धा होती. 1973-74 साली आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभार धरून 97.75 टक्के होता, म्हणजे त्या टप्प्यातल्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपयेच मिळवणाऱ्याच्या हातात राहत. ही गोष्ट ते दहा वर्षांनंतरही आलेल्या-गेलेल्याला अभिमानाने सांगत. स्वतः त्या टप्प्याच्या आसपास फिरकण्याची शक्यता नसलेल्या माणसालाच असा अभिमान परवडतो.

तर बाबांनी माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला. मग म्हणाले, "सरकारने 1940 ते 1971 अशी एकतीस वर्षं ज्या वाद्याला रेडिओवर बंदी घातली होती, त्या वाद्यावर तू संसार करणार? अरे, पेटीवर पोट भरत नाही."

बंदीची गोष्ट खरी होती. आकाशवाणीने 1940 साली पेटी हद्दपार केली, आणि परत आत घेतली ती 1971 साली. पेटीत मींड निघत नाही, तिचे सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, परदेशी वाद्य आहे ते, अशी कारणं त्या काळी देत. तोपर्यंत इकडे आमच्या गोविंदराव टेंब्यांनी पेटी वाजवून मैफिली गाजवल्या होत्या, हा युक्तिवाद मला सुचला. पण तो रात्री अंथरुणात सुचला. बाबांपुढे सुचले असते अशा युक्तिवादांचा एक मोठा साठा अजून माझ्याकडे पडून आहे. मी अभियंता झालो.

पेटी मात्र सुटली नाही. (सोडली नाही, असंही म्हणता येईल.) चतुर्थीची आवर्तनं, कोणाकडे सत्यनारायण, दत्तजयंतीचं भजन, अशी साथ करत राहिलो. चार-दोन मुलांना फुकट शिकवलंही. 2024 च्या जूनमध्ये ही म्हणाली, "फी घ्या. फुकटची विद्या पोरं दप्तरात ठेवून विसरतात." म्हणून महिना सहाशे रुपये घ्यायला लागलो. सात मुलं झाली. फी रोख येई, आणि ती नाचणीच्या पिठाच्या डब्यात पडे. नाचणीच्या पिठाचा डबा आमच्या घरात माझ्या पथ्यापुरता आहे, त्यामुळे त्याला कोणी हात लावत नाही. मी मात्र बाबांचा मुलगा असल्यामुळे एका शंभरपानी वहीत दर महिन्याला सात नावं आणि सात आकडे लिहीत होतो. जून ते मार्च, दहा महिने. सात सक बेचाळीस. बेचाळीस हजार रुपये.

आता 2025 सालची गोष्ट. त्या वर्षी विवरणपत्राची मुदत 31 जुलैवरून वाढवून 15 सप्टेंबर केली होती. मुदत वाढली की काम मागे पडतं, हा निसर्गनियम आहे. मुदत नसती तर कदाचित आपण सारे 1 एप्रिललाच मोकळे झालो असतो. भाचा उगवला तो 14 सप्टेंबरच्या रविवारी, डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. सी.ए. मंडळी त्या दिवसांत वारीतून आल्यासारखी दिसतात.

त्याने लॅपटॉप उघडला. पहिल्यांदा आलं ते वार्षिक माहिती विवरण. 2021 च्या नोव्हेंबरपासून हे सुरू झालं आहे. आपण काय मिळवलं, कुठे ठेवलं, त्यावर किती व्याज आलं, याची यादी सरकारने आधीच करून ठेवलेली असते. एका जुन्या बचत खात्यात माझे काही पैसे होते आणि त्यावर 212 रुपये व्याज आलं होतं, हे मला तिथे कळलं. हिलाही तेव्हाच कळलं. "अजून किती खाती आहेत?" असं तिने ज्या सुरात विचारलं, त्या सुरात आयकर खात्याच्या अधिकाऱ्यानेही विचारलं नसतं.

भाच्याने आकडे मांडले. 2024-25 या वर्षात सल्ल्याचे मिळाले 13,40,000. त्याचं निम्मं 6,70,000. बँकांचं व्याज, त्या 212 सकट, 14,000. एकूण 6,84,000. नव्या पद्धतीत त्या वर्षी सात लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला पूर्ण सूट होती. म्हणजे कर शून्य. आणि काही गिऱ्हाइकांनी बिलांतून टीडीएस म्हणून आधीच कापून सरकारजमा केलेले 86,000 रुपये मला परत मिळणार.

"छ्याऐंशी!" ही स्वयंपाकघरातून म्हणाली. त्या एका शब्दात नवा फ्रिज होता.

आमचा जुना फ्रिज गेली काही वर्षं बोलतो. दिवसरात्र एकच सूर धरून बसलेला असतो. तो सूर काळी दोन आहे, असं मी सगळ्यांना सांगतो. कोणी विश्वास ठेवत नाही. ही म्हणते, काळी दोन नव्हे, कॉम्प्रेसर गेलाय.

भाचा 'झालं मामा' म्हणणार, तेवढ्यात मी म्हणालो, "आणि पेटीचं?"

"कुठली पेटी?"

मी शंभरपानी वही पुढे केली. त्याने ती उघडली, एकदा वहीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "मामा, हे मी सी.ए. म्हणून बघितलंच नाही. भाचा म्हणून बघितलं."

"पण हे दाखवायचं कुठे?"

त्याने नाइलाजाने व्यवसायांच्या संकेतांकांची यादी उघडली. यादीची सुरुवात चहाच्या मळ्यापासून होते, मग कॉफी, मग रबर. जगात पोट भरण्याच्या इतक्या रीती आहेत आणि त्या सगळ्या सरकारला ठाऊक आहेत, हे पाहून मन थक्क होतं. खाली सरकत सरकत एका ओळीवर माझं बोट थांबलं. तिचा मराठीत अर्थ असा: 'वैयक्तिक कलाकार (लेखक वगळून)'. लेखक हा कलाकार नव्हे, हा निकाल भल्याभल्या समीक्षकांना देता आला नाही. तो आयकर खात्याने एका कंसात देऊन टाकला आहे. माझे लेखक मित्र काय म्हणतील या विचाराने मला आनंद झाला. पण त्याहून मोठा आनंद पहिल्या दोन शब्दांचा होता. वैयक्तिक कलाकार! मी म्हटलं, "हे. हेच घाल."

"घालतो. मग सुगम सोडा आणि तीन नंबर भरा. पेटीचा नफा-तोटा, पेटीचा ताळेबंद, पेटीचा घसारा. उद्याची मुदत आहे."

पेटीचा घसारा या शब्दांनी मी शहारलो. मग त्याने मध्यम मार्ग सांगितला. नोकरी नव्हे, व्याज नव्हे, घरातल्या घरात सात मुलांना शिकवून मिळणारे किरकोळ पैसे; ते 'इतर स्रोतांपासून उत्पन्न' या सदरात टाकता येतील. सुगम सुगमच राहील. असं म्हणून त्याने नुसतं बघू या म्हणून 42,000 चा आकडा तिथे टाकला.

एकूण उत्पन्न झालं 7,26,000. आणि पडद्यावर, जिथे मघाशी शून्य होतं तिथे, करापोटी 23,504 रुपये आले.

मला वाटलं लॅपटॉप बिघडला. भाच्याने समजावलं. सात लाखांच्या आत होतो तोवर सूट होती. आता ओलांडले, सूट गेली. तीन ते सात लाखांवर पाच टक्क्यांनी वीस हजार, वरच्या सव्वीस हजारांवर दहा टक्क्यांनी दोन हजार सहाशे, आणि या सगळ्यावर चार टक्के उपकर. मामला चोख होता. परतावा 86,000 वरून 62,500 वर आला. बेचाळीस हजार मिळवल्याबद्दल साडेतेवीस हजार. दहा महिन्यांपैकी साडेपाच महिने मी सरकारची मुलं शिकवत होतो म्हणायचं.

"आणि आणखी एक ऐका," भाचा म्हणाला. "1 फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात ही मर्यादा बारा लाखांवर नेलीय. एप्रिल 2025 पासूनच्या उत्पन्नाला. म्हणजे पुढच्या वर्षी पेटी दाखवा, तबला दाखवा, दाखवायचं ते दाखवा, कर शून्य. प्रश्न फक्त याच वर्षाचा आहे. मी उद्या रात्री फोन करतो. तुम्ही ठरवा." आणि तो खिचडी न खाताच गेला.

तो जिना उतरत असताना मी वरून ओरडलो, "अरे, पण पेटी दाखवू का नको दाखवू?"

तळमजल्यावर एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. ते पाच मिनिटांत वर आले. दार आतून लावून घेत हलक्या आवाजात म्हणाले, "एकच पेटी ना? दाखवू नका. आणि जिन्यात बोलू नका." त्यांना वाटलं, कुठल्याशा बिल्डरने पडकी इमारत धडधाकट ठरवण्यासाठी मला लाखभर रुपये चारले. मी बाजाची पेटी दाखवली, वही दाखवली. त्यांच्या चेहऱ्यावरचा आदर माझ्या देखत उतरला. "हात्तिच्या! बेचाळीस हजार होय? रोख? अहो, रोख म्हणजे उत्पन्न नव्हे. रोख म्हणजे हवा."

पेटीसुद्धा हवेवरच वाजते, हे उत्तर मला सुचलं. पण ते नेहमीप्रमाणे ते खाली उतरून गेल्यावर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलांना न्यायला आलेल्या एका पालकाला सहज विचारलं. तो म्हणाला, "सर, आम्ही कोणाला सांगतोय?" भजनी मंडळाचे बुवा म्हणाले, "विद्येचं दान ते. दानावर कसला कर?" मी म्हटलं, बुवा, दान असतं तर सहाशे घेतले नसते. बुवा म्हणाले, ती दक्षिणा. आपल्या भाषेत पैशाला इतकी पवित्र नावं का आहेत, हे मला त्या दिवशी उमगलं. दक्षिणा, मानधन, बिदागी, ओवाळणी. चार नंबरच्या फॉर्ममध्ये यांतलं एकही नाव चालत नाही. तिथे सगळ्याला उत्पन्न म्हणतात.

हे वाचून तुम्हाला वाटेल, की मी हरिश्चंद्राचा अवतार आहे आणि सत्यासाठी तळमळत होतो. तसं काही नाही. तिकीट तपासनीस दिसला नाही म्हणून दुःखी होणाऱ्यांतला मी नव्हे. रात्री जेवण झाल्यावर मी खरोखरच ठरवलं होतं, की शंभरपानी वही माळ्यावर टाकायची आणि 86,000 चा फ्रिज घ्यायचा. वाईट एकाच गोष्टीचं वाटत होतं. भारत सरकारच्या दफ्तरी माझी नोंद आहे: व्यक्ती, अभियंता, व्याज 14,000, त्यात 212 विसरलेले. चाळीस वर्षं मी पेटी वाजवतो, त्याची नोंद कुठेही नाही. रेडिओवर मी कधी वाजवलं नाही. पत्रिकेवर साथीदाराचं नाव राहून जातं. फोटोत गायक असतो आणि त्याच्या कोपराखालून माझी चार बोटं दिसतात. आयुष्यात पहिल्यांदाच पेटीने जगाला मोजता येईल असं काही मिळवलं होतं, आणि ते नाचणीच्या डब्यात होतं.

हे मी हिला सांगितलं नाही. मी नुसतं विचारलं, "काय करू? दाखवू?"

ही पितळी डबे पुसत होती. वर न बघता म्हणाली, "सरकारला दाखवायचं असेल तर नका दाखवू. त्यांना एवढ्याची काय पडलीय! पण बाबांना दाखवायचं असेल तर दाखवा."

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली आहेत. त्यांचा फोटो आमच्या फ्रिजच्या बरोबर वर आहे.

रात्री नऊला भाच्याचा फोन आला. मी म्हटलं, टाक. तो पलीकडे क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "इथे वर्णन लिहायला एक चौकोन आहे. काय लिहू? शिकवणी?"

"हार्मोनियम लिही," मी म्हटलं. "पूर्ण लिही. इंग्रजी नऊ अक्षरं आहेत. एकही गाळू नकोस."

मग आधारवरून ओटीपीने पडताळणी. सहा आकडे आले. माझा चष्मा सापडेपर्यंत ते बाद झाले. पुन्हा सहा आले. या वेळी पावसामुळे आमचं इंटरनेट गेलं. तिसऱ्या वेळी मी वाचत होतो, ही मोठ्याने म्हणत होती आणि भाचा पलीकडे टिपत होता, असं तिघांनी मिळून भारत सरकारला पटवलं, की मी तोच. पंधरा आकडी पोचक्रमांक आला. मी तो शंभरपानी वहीच्या शेवटच्या पानावर उतरून घेतला. मुदतीच्या आत, बरोबर वेळेवर, म्हणून स्वतःची पाठ थोपटून झोपलो. आणि सकाळी उठलो तर कळलं, की रात्री सरकारने मुदत आणखी एक दिवस वाढवली होती. 16 सप्टेंबर. तो एक दिवस मला आधी मिळाला असता, तर मी काय ठरवलं असतं ते सांगता येत नाही.

आपल्याकडे आयकर आणला तो जेम्स विल्सन नावाच्या साहेबाने, 1860 साली. सत्तावन्नच्या धामधुमीत कंपनी सरकारची तिजोरी रिकामी झाली होती, ती भरायला. कायदा जुलैत आला आणि विल्सनसाहेब ऑगस्टमध्ये कलकत्त्यात हगवणीने वारले. एवढी वर्षं मला त्यात दैवी न्याय दिसत असे. त्या दिवशी मात्र मी मनातल्या मनात साहेबाला नमस्कार केला. फोटोकडे बघून म्हटलं, बाबा, पेटीवर पोट भरतं की नाही, ते अजून मला माहीत नाही. पण कर भरतो. 2024-25 साली भरलाय, पावती आहे. सरकारी आहे.

यथावकाश 62,500 रुपये खात्यात आले. ही दुकानात जाऊन फ्रिज पाहून आली. आवडलेला जो होता तो नेमका तेवीस हजारांनी पुढे होता. "राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी बारा लाखांपर्यंत शून्य आहे ना? तेव्हा बघू." आणि जुन्या फ्रिजचं दार तिने गुडघ्याने लावलं, कारण ते आता हाताने लागत नाही.

त्याच संध्याकाळी शिकवणी होती. सातांतली सर्वांत धाकटी मुलगी इयत्ता तिसरीत आहे. दहा महिने मी तिला सा आणि रे यांतला फरक सांगत होतो आणि ती दहा महिने मान डोलावत होती. तिच्यापुरते सहा हजार रुपये मी फसवून घेतले, असं मला कधीकधी वाटे. बाकीची मुलं यायची होती. ही मुलगी पेटीपुढे गप्प बसून कसलासा कानोसा घेत होती. मग तिने एक बोट पुढे करून काळी दोन दाबली, भाता हलकेच हलवला, थांबली, स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि पुन्हा दाबली.

"सर," ती म्हणाली, "तुमचा फ्रिज यातला सा लावतोय."

मी हिला हाक मारली. ही पदराला हात पुसत आली. मुलीने पुन्हा काळी दोन वाजवली. आम्ही तिघं फ्रिजपुढे उभे राहून ऐकत होतो.

"बरोबर आहे हो," ही म्हणाली.